पर्यटनाच्या पत्रकात मूळ रहिवाशांचे पान: कुणी लिहावे, कुणाला विचारून? (ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा)

प्रश्न: दूरदेशी

सप्रेम नमस्कार. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, समुद्रकिनाऱ्यापासून दूर आतल्या भागातील एका लहान शहरात आम्ही राहतो. येथील पर्यटन समितीवर मी स्वयंसेवक म्हणून काम करतो. पुढील हंगामासाठी नवे माहितीपत्रक तयार होत असून, त्यातील एक पान मूळ रहिवाशांच्या संस्कृतीसाठी राखावे आणि मूळ रहिवाशांशी सलोख्याच्या कामाला समितीने आपल्या परीने हातभार लावावा, असे मागील बैठकीत ठरले. हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. मात्र त्या पानाचा कच्चा आराखडा पाहून मी अस्वस्थ झालो. पानभर टोटेम खांबाचे छायाचित्र आहे. वास्तविक हे उंच कोरीव खांब हैडा, त्सिमशियन आदी किनाऱ्यावरील समाजांचे. आमच्या भागातील सॅलिश भाषक समाजांची परंपरा त्याहून निराळी आहे. त्यांची हिवाळ्यातील घरे अर्धी जमिनीत खोदलेली असत आणि नदीकाठच्या सपाटीवर त्या घरांचे गोल खळगे आजही ओळखू येतात. त्या खळग्यांचा पत्रकात कुठेही उल्लेख नाही. खांबाच्या चित्राखाली, आपण कुणाच्या भूमीवर आहोत हे सांगणाऱ्या दोन ठरावीक ओळी आहेत आणि उद्घाटनाच्या दिवशी नृत्यपथक बोलवावे अशी सूचना आहे. ज्या फर्स्ट नेशनच्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या ज्या समाजाच्या, भूमीवर हे सारे चालले आहे, तिच्या कार्यालयाशी मात्र अद्याप कोणी बोललेले नाही.

मी हे लक्षात आणून दिले तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी उत्तर दिले की, विचारायला गेलो तर नकार येईल, आणि नकार आला तर आहे तेही छापता येणार नाही. या उत्तरावर बैठकीत चर्चा झाली नाही.

मला दोन गोष्टींविषयी मार्गदर्शन हवे आहे. पत्रक छापण्यापूर्वी समितीने नेमके काय करायला हवे? आणि आपल्यासारख्या बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनी या विषयात कितपत बोलावे? या भूमीवर जो अन्याय झाला तो आपल्या पूर्वजांनी केलेला नाही, हे खरे. पण एवढे म्हणून बाजूला होणे मला पटत नाही.

प्रतिसाद १: खाडीकाठ

आपल्याला जे खटकले त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो समितीपुढे ठेवल्याखेरीज पुढचे बोलणे अधांतरी राहील. किनाऱ्यावरील समाजांच्या जीवनात पॉटलॅच या समारंभाला मध्यवर्ती स्थान होते. नाव देणे, विवाह, मृतांचे स्मरण, अधिकाराचा वारसा, खांब उभारणे हे सगळे तेथे, जमलेल्या लोकांना साक्षी ठेवून आणि त्यांना भेटी देऊन होत असे. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून कायद्याने त्यावर बंदी घातली आणि ही बंदी १९५१ पर्यंत कायम राहिली. १९२१ साली क्वाक्वाक्यावाक्व समाजाने केलेल्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर लोकांना तुरुंगात धाडण्यात आले, त्यांचे मुखवटे आणि ताम्रपट्ट जप्त करून संग्रहालयांत वाटून टाकण्यात आले. आता याच काळातील दुसरी बाजू पाहा. १९२५ पासून पुढे काही वर्षे स्कीना नदीकाठच्या गिटक्सान गावांतील जुने खांब सरकार आणि रेल्वे कंपनी यांच्या पुढाकाराने दुरुस्त करून, रंगवून पुन्हा उभे केले जात होते. कशासाठी, तर आगगाडीतून जाणाऱ्या प्रवाशांना ते दिसावेत म्हणून. ज्या समारंभात खांब उभारायचा तो गुन्हा ठरलेला, आणि खांब मात्र पर्यटनाच्या जाहिरातीत. बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानात हेच वेगळ्या रीतीने घडले. स्टोनी नाकोडा लोकांना त्यांच्या शिकारीच्या प्रदेशातून दूर ठेवण्यात आले, आणि वर्षातून काही दिवस, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी भरणाऱ्या 'बॅन्फ इंडियन डेज'ला पूर्ण पोशाखात येण्याचे निमंत्रण त्यांनाच दिले जाई.

तेव्हा पर्यटन या साऱ्यापासून अलिप्त होते आणि आता ते मदतीला धावून येत आहे, असे मानता येत नाही. समाजाला वगळून त्याची खूण तेवढी दाखवायची, ही सवय पर्यटनानेच रुजवली. आपल्या पत्रकातील खांबाचे चित्र त्याच सवयीतून आले आहे.

छापण्यापूर्वी काय करावे, याचे थेट उत्तर असे की छपाई थांबवावी. ज्या फर्स्ट नेशनची ती भूमी आहे तिच्या प्रशासनाला पत्र लिहावे आणि त्या पत्रात मजकुराला मान्यता मागू नये. भेटीची वेळ मागावी. तयार मसुदा हातात घेऊन गेलेला माणूस सही घ्यायला आलेला असतो, हे त्यांना अनेक वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. पुष्कळ ठिकाणी संस्कृती, पर्यटन आणि भूमी यांचे विभाग वेगवेगळे असतात आणि मोजक्या माणसांवर वाळूच्या खाणीपासून वीजवाहिनीपर्यंत डझनावारी प्रकल्पांची पत्रे येऊन पडलेली असतात. उत्तराला वेळ लागला तर तो नकार समजू नये आणि मौनाला होकार तर मुळीच समजू नये.

आणखी एक भेद समितीला समजावून सांगावा. भूमीचा उल्लेख करून आदर व्यक्त करणे हे आपल्यासारख्या कोणालाही करता येते. 'आमच्या भूमीवर तुमचे स्वागत आहे' असे म्हणण्याचा अधिकार मात्र फक्त त्या भूमीच्या लोकांचा असतो. उद्घाटनाला स्वागत हवे असेल तर त्यांच्यापैकी कोणी यावे अशी विनंती करावी, त्यासाठी मानधन आणि प्रवासखर्च आधीच ठरवावा, आणि त्या व्यक्तीला दोन मिनिटे बोलून निघून जाण्यासाठी बोलावलेले नाही, हे कार्यक्रमाच्या आखणीतूनच दिसावे.

मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळांतील अन्यायाची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ साली ज्या ९४ कृती-सूचना दिल्या, त्यांतील ९२ वी व्यवसायक्षेत्राला उद्देशून आहे. मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आधारभूत मानावा, आर्थिक प्रकल्पांपूर्वी अर्थपूर्ण सल्लामसलत करून त्यांची मुक्त आणि पूर्वमाहितीसह दिलेली संमती घ्यावी, नोकऱ्या आणि प्रशिक्षणात त्यांना न्याय्य वाटा मिळावा आणि व्यवस्थापकांसह कर्मचाऱ्यांना हा इतिहास शिकवावा, असे तीत म्हटले आहे. आपल्या समितीचे सदस्य हॉटेलवाले, नौकाविहारवाले, दुकानदार असतील. ही सूचना त्यांना लागू पडते. एका पानाने ती पूर्ण होत नाही, हे बैठकीत स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद २: दीपस्तंभ

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. 'विचारले तर नकार येईल' या भीतीबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण होकार-नकाराचा अधिकार त्या लोकांच्या हाती असेल तर पर्यटन कसे चालते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतात आहे.

हैडा ग्वाय द्वीपसमूहाच्या दक्षिण भागातील जंगलतोडीविरुद्ध १९८५ साली हैडा लोकांनी लायल बेटावर रस्ता अडवून धरला. ७२ जणांना अटक झाली, त्यांत समाजातील वृद्ध माणसेही होती. त्या संघर्षातून पुढे तोड थांबली आणि १९९३ साली हैडा नेशन आणि कॅनडा सरकार यांच्यात त्या दक्षिण भागाचा, म्हणजे ग्वाय हानासचा, करार झाला. या कराराची रचना मला फार महत्त्वाची वाटते. भूमी कुणाची, या मूळ प्रश्नावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले नव्हते, म्हणून करारात दोन स्तंभ शेजारी शेजारी छापले आहेत: एकात हैडांची भूमिका, दुसऱ्यात सरकारची. मतभेद तसाच उघड ठेवून, प्रदेशाची राखण मात्र एकत्र करायची, असे ठरले. कारभार पाहणाऱ्या मंडळात दोन्ही बाजूंचे सदस्य समान संख्येने असतात आणि निर्णय सहमतीने होतात. सलोखा म्हणजे मतभेद मिटल्याचे जाहीर करणे, असा समज असणाऱ्यांनी ते दोन स्तंभ अवश्य वाचावेत.

तेथे जाणाऱ्या प्रवाशाला आधी माहितीसत्राला बसावे लागते. जुन्या गावांच्या जागी उन्हाळ्यात हैडा वॉचमेन, म्हणजे त्या समाजाचे राखणदार, राहायला असतात. किनाऱ्याला लागण्यापूर्वी होडीतून रेडिओवर त्यांची परवानगी घ्यायची आणि आधीचा गट परतेपर्यंत पाण्यातच थांबायचे, कारण अशा ठिकाणी एका वेळी बाराहून अधिक माणसांना उतरू दिले जात नाही. स्गांग ग्वाय हे गाव १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथील पायवाटेच्या दोन्ही कडांना पांढरे शिंपले मांडलेले आहेत आणि त्या रेषेबाहेर पाऊल टाकायचे नाही. खांब कलले आहेत, काही आडवे झाले आहेत, त्यांवर शेवाळ चढले आहे. त्यांना बाहेरून टेकू देऊन कायमचे टिकवण्यापेक्षा कालांतराने मातीत जाऊ द्यावे, ही हैडांची धारणा आहे आणि कारभारात तिला मान आहे. २०१३ साली त्याच लायल बेटावर नवा खांब उभारण्यात आला. हात गुंफून उभी राहिलेली माणसे त्यावर कोरलेली आहेत.

इतक्या अटी असूनही लोक तेथे जातात, आणि माझे प्रामाणिक मत असे आहे की या अटींमुळेच ती भेट मोलाची ठरते. होडीत बसून वाट पाहणाऱ्याला आपण कुणाच्या तरी दारात उभे आहोत हे कळत असते. आपल्या समितीच्या ज्येष्ठ सदस्यांना हे जरूर सांगावे.

प्रतिसाद ३: सह्यमित्र

चर्चा चांगली आहे, परंतु एक अडचण कोणी मांडलेली नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिलवट आणि एनक्वाटक्वा या दोन फर्स्ट नेशन्सनी जॉफ्री लेक्स हे प्रांतिक उद्यान पाहुण्यांसाठी बंद असल्याचे जाहीर केले आणि पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत ते बंद राहिले. नंतरच्या वर्षांतही ठरावीक काळासाठी ते बंद ठेवण्यात आले. तीर्थ म्हणावे असे ते तीन तलाव आहेत आणि उद्यान प्रांताच्या, म्हणजे सर्व नागरिकांच्या मालकीचे आहे. सार्वजनिक जागा एका समाजासाठी इतरांना बंद करणे कितपत योग्य, असे विचारणारा प्रत्येक जण द्वेष करणारा नसतो. शेजारच्या गावातील खाणावळ किंवा तंबूचे सामान भाड्याने देणारा छोटा व्यावसायिक ऐन हंगामात महिनाभर गिऱ्हाइकाविना बसला, तर त्याने सलोख्याविषयी कोणती भावना बाळगावी? सक्तीने माणसे जवळ येत नाहीत, असे मला वाटते.

प्रतिसाद ४: लालमाती (ऑस्ट्रेलिया)

सह्यमित्र, आपला प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे उलुरू या प्रचंड खडकाच्या बाबतीत हाच वाद अनेक वर्षे चालला, म्हणून लिहितो.

१९८५ च्या २६ ऑक्टोबरला उलुरू तेथील मूळ रहिवासी अनंगू लोकांना परत देण्यात आला, पण त्याच वेळी तो ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यान म्हणून सरकारकडे द्यावा लागला. अनंगूंच्या परंपरेत त्या खडकावर चढण्याचा मार्ग पवित्र आहे. त्यांनी पायथ्याशी, कृपया चढू नका, अशी पाटी लावली आणि तरीही लोक साखळी धरून वर जात राहिले. चढताना किंवा त्या श्रमाने किमान ३७ जणांचा मृत्यू झाला, आणि आपल्या भूमीवर आलेला पाहुणा मेला याचे दुःख अनंगू स्वतःवर घेत राहिले. चढणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आल्यावर, उद्यानाच्या ज्या मंडळात अनंगूंचे बहुमत आहे त्याने २०१७ साली बंदीचा निर्णय घेतला, आणि भूमी परत मिळाल्याच्या तारखेलाच, २६ ऑक्टोबर २०१९ पासून, चढाई कायमची थांबली. म्हणजे भूमी परत मिळाल्यानंतर ते तीन दशकांहून अधिक काळ थांबले. सक्ती शेवटी आली. त्याआधी अनेक वर्षे सौजन्याची परीक्षा झाली होती. अमेरिकेतील वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाच्या सुळक्यावर १९९५ पासून जून महिन्यात चढू नये अशी विनंती आहे, कारण तो काळ तेथील अनेक समाजांच्या विधींचा असतो. ती आजही केवळ विनंतीच आहे. काही गिर्यारोहक मानतात, काही मानत नाहीत.

उलुरूला येणारे आता पायथ्याभोवतीच्या सुमारे साडेदहा किलोमीटरच्या वाटेने फिरतात, अनंगू वाटाड्यांकडून ऐकतात, आणि काही ठिकाणी छायाचित्रे काढायची नाहीत हे पाळतात. प्रवेशशुल्कातील २५ टक्के वाटा भूमीच्या मालकांना मिळतो. हे सारे आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. उद्यानाच्या आतच असलेल्या अनंगूंच्या मुटिजुलू वस्तीतील घरांची आणि आरोग्याची स्थिती शेजारच्या पर्यटनगावाच्या तुलनेत बिकट राहिली आहे, आणि जगभरातून येणारा पैसा इतक्या जवळ असूनही त्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न पर्यटन खात्याच्या सुंदर चित्रफितींतून कधी विचारला जात नाही. आपल्या समितीने पत्रकाच्या मजकुरापेक्षा या पैशाच्या वाटेकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या उद्यानाबाबत एवढेच विचारतो. वणव्याच्या धोक्यामुळे, अस्वलाच्या वावरामुळे किंवा पायवाटेच्या दुरुस्तीसाठी उद्यान बंद झाले तर आपण निमूट परत फिरतो. एखाद्या समाजाने फळे आणि औषधी वनस्पती गोळा करण्यासाठी, आपल्या मुलांना ती भूमी गर्दीविना दाखवण्यासाठी काही आठवडे मागितले, तर तेच कारण आपल्याला अपुरे का वाटावे? छोट्या व्यावसायिकाचे नुकसान खरे आहे. त्याची भरपाई, किंवा निदान तारखांची आगाऊ सूचना, हे सरकारचे काम आहे आणि ते त्याने सरकारकडे मागावे.

प्रतिसाद ५: सह्यमित्र

वणव्याची तुलना विचार करायला लावणारी आहे, हे मान्य. तारखा आधी जाहीर व्हाव्यात हा माझा आग्रह कायम आहे. त्या सर्वांनी मिळून ठरवल्या तर माझ्यासारख्यांचा विरोध बराचसा मावळेल.

प्रतिसाद ६: पैलतीर

दूरदेशी यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो आपल्या सर्वांचा आहे. आयोगाच्या शेवटच्या दोन सूचना, ९३ वी आणि ९४ वी, बाहेरून येणाऱ्यांविषयीच आहेत. नवागतांना दिल्या जाणाऱ्या माहितीत करारांचा आणि निवासी शाळांचा इतिहास असावा, आणि नागरिकत्वाच्या शपथेत मूळ रहिवाशांशी झालेल्या करारांचा उल्लेख यावा, अशा त्या सूचना होत्या. २०२१ साली शपथ बदलली. फर्स्ट नेशन्स, इन्यूट आणि मेटी या मूळ रहिवासी समाजांचे हक्क मान्य करणारे संविधान पाळण्याचे वचन आता नवे नागरिक शपथेत देतात. त्याआधी शपथ घेतलेल्यांनाही हेच संविधान बंधनकारक आहे. तेव्हा पूर्वजांनी काय केले हा प्रश्न थोडा बाजूला ठेवला तरी, आपण स्वतः काय कबूल केले आहे हे समितीत सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. बोलावे ते आपल्या कर्तव्याविषयी. त्यांच्या वतीने बोलू नये.

निवासी शाळांचा उल्लेख आला म्हणून एका जागेविषयी लिहितो. आपल्याच प्रांतात क्रॅनब्रुकजवळ सेंट युजीन येथे १९१२ सालची अशी एक शाळा होती. घरापासून तोडून आणलेल्या मुलांना तेथे आपली भाषा बोलू दिली जात नसे. ती १९७० मध्ये बंद पडली आणि इमारत पडीक झाली. ती पाडून टाकावी असे म्हणणारे त्याच समाजात होते, आणि त्यांना दोष देता येत नाही. परंतु १९८४ साली मेरी पॉल या क्टुनाहा समाजातील ज्येष्ठ स्त्रीने असा विचार मांडला की, जेथे संस्कृती हिरावून घेतली गेली तेथेच ती परत मिळवली पाहिजे. आज त्या इमारतीत हॉटेल आहे, भोवती गोल्फचे मैदान आहे, ते मूळ रहिवाशांच्याच मालकीचे आहे आणि शाळेचा इतिहास तेथेच पाहुण्यांना सांगितला जातो. बाहेरच्या कोणी ही कल्पना मांडली असती तर ती असह्य ठरली असती. ज्यांनी तेथे बालपण गमावले त्यांच्या समाजाने ती स्वीकारली, म्हणून ती टिकली. आपल्या समितीला एखादी कल्पना कितीही चांगली वाटली तरी ती कुणी मांडायची, याला किती महत्त्व असते ते यातून दिसते.

दूरदेशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. मूळ रहिवाशांचे पान या वेळच्या पत्रकातून काढून घ्यावे आणि खांबाचे चित्र कुठेही वापरू नये. फर्स्ट नेशनच्या कार्यालयाला भेटीसाठी पत्र लिहावे आणि नदीकाठच्या खळग्यांविषयी लोकांना सांगावे किंवा ती जागा अज्ञात ठेवावी, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आणि समितीच्या अंदाजपत्रकात मानधनासाठी वेगळी तरतूद असावी. तिसऱ्या मुद्द्यावर खजिनदारांची हरकत येईल, कारण बिल आणि पावतीशिवाय रक्कम देता येत नाही असा आमचा नियम आहे. याबाबत कोणाला अनुभव आहे का?

खाडीकाठ

आहे. मानधन कार्यक्रमाच्या दिवशीच, कार्यक्रम संपताच हाती द्यावे. वृद्ध व्यक्तीकडून बिल मागवून महिनाभर वाट पाहायला लावणे फार अवमानकारक ठरते. समितीने आधीच ठराव करून रक्कम आणि कारण नोंदवले, आणि दिल्याची नोंद आपल्यापैकी दोघांच्या सहीने ठेवली, तर हिशेबाची अडचण सहसा राहत नाही. किती द्यावे आणि सोबत भेटवस्तू देण्याची रीत कोणती, हे त्यांच्या कार्यालयातील संस्कृती विभागाला विचारावे, कारण प्रत्येक नेशनची पद्धत वेगळी असते. खळग्यांबाबत आपण म्हणता तेच योग्य आहे: त्यांचे उत्तर येईपर्यंत ती जागा नकाशावर दाखवू नये आणि समितीच्या संकेतस्थळावर तिचे एखादे जुने छायाचित्र असेल तर तेही आत्ताच उतरवावे.